हिरवळ बघायला येऊ नकोस

हॅलो?… हॅलो, हो, मीच. बोल ताई… नाही गं, झोपले नव्हते, फोन दुसऱ्या खोलीत होता…

रविवारी?… किती जणी?… बारा!… ताई, ऐक ना, रविवारचं जरा… नाही, चहाचं काही नाही. बारा कप चहा टाकायचा मला कधी कंटाळा आलाय?… खुर्च्याही आहेत. प्रश्न खुर्च्यांचा नाही. त्या ठेवायच्या कशावर, हा प्रश्न आहे.

हो, हिरवळीवर… काय? तू मंडळात सगळ्यांना फोटो दाखवलास? कुठला? तो हरणाचा?… अगं ताई, तो फोटो नव्हता, आराखडा होता! त्या बागा आखणाऱ्या टायवाल्याने संगणकावर काढलेला… आमच्या अंगणात हरीण कुठून येणार? आमच्याकडे मांजर येतं, तेही शेजाऱ्यांचं.

नाही, नाही, हिरवळ होती. खोटं कशाला बोलू? साडेतीन महिने होती… होती म्हणजे होती, आता नाही… अगं, गेली म्हणजे चोरीला नाही गेली! हिरवळ कोण चोरणार, गुंडाळून? वाळली… पूर्ण. दारातलं काथ्याचं पायपुसणं असतं ना, तसं अंगण झालं होतं.

म्हणूनच सांगतेय, रविवारी नको. मघापासून सांगतेय, पण तू श्वास घेशील तेव्हा ना!

बरं, पहिल्यापासून सांगते. पण मध्ये बोलायचं नाही… हे बघ, बोललीस.

हे निवृत्त झाले ते तुला माहीतच आहे. चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात… होतीस की तू निरोप समारंभाला. भावजींना उकडलं म्हणून अर्ध्यातून उठलात… असू दे, जुनं काढत नाही. तर दुसऱ्या दिवसापासून हे जे खुर्चीत बसले, ते बसलेच. हातात पेपर, पण पान उलटायचं नाही. एकदा मी मुद्दाम आदल्या दिवशीचा दिला. पत्ताच नाही! डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, त्यांना काहीतरी काम द्या. मी भेंडी चिरायला दिली… चिरली की. सगळे तुकडे अगदी एका मापाचे. पण पाव किलोला सव्वा तास. मुलं लहान असती तर उपाशी मेली असती.

हो, आणि तेव्हाच तो टायवाला उगवला. एवढ्या उन्हात टाय! मला तिथेच शंका यायला हवी होती. बागा आखून देतो म्हणे. त्याने ते चित्र दाखवलं. हिरवंगार गवत, कडेला ते हरीण, मधून पायवाट, तिच्यावरून एक गृहस्थ आणि एक बाई हातात हात घालून चाललेत. बाईची कंबर इतकीशी. मी म्हटलं, ही कोण? तर म्हणतो, मॅडम, या तुम्ही… हस, हस. पोट भरून हस.

पण ह्यांचे डोळे चमकले गं. वर्षभरात पहिल्यांदा. मग मी तोंडच उघडलं नाही. बदामाचं झाड तोडायला निघाले, तरी नाही… हो, तेच, सावलीचं. त्याची पानं हिरवळीवर पडतात म्हणे. पाडलं. तेव्हापासून दुपारी पुढच्या खोलीत पंखा लावला तरी भट्टीसमोर बसल्यासारखं होतं.

तरी मी खूश होते. हे पहाटे उठायचे, पाइप घेऊन उभे. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पाणी. मी म्हटलं, अहो, माझ्या बाळंतपणात तुम्ही इतक्यांदा उठला नव्हतात! आणि कोण हा माणूस? ज्याने चौतीस वर्षं लोकांच्या बागांचे नळ बंद केले! स्वतःच्या वरिष्ठांच्या अंगणातलं कनेक्शन तोडून आला होता, आठवतंय?… तोच. आता गवताला तीन वेळा पाजतोय. विचारलं तर म्हणायचे, मुळं खोल जाईपर्यंतच गं. मुळं कुठली जातायत! खाली काय होतं ते सांगते पुढे.

मग लागली पाणीकपात… तुमच्याकडेही ना? तर एका सकाळी फाटकाशी कोण उभं? ह्यांच्याच हाताखाली शिकलेला तो, ज्याला आपण चिमणी म्हणायचो… हो, तोच, बारीक आवाजाचा. आता साहेब झालाय. हातात नोटीस, आणि चेहरा असा, की नोटीस त्यालाच आलीय. ‘साहेब, साहेब’ करत कितीतरी वेळ फाटकाबाहेर घुटमळत होता. ह्यांनी नोटीस घेतली, वाचली. वाचायची काय गरज? मसुदा ह्यांचाच! ‘बागेस पाणी घालताना आढळल्यास’ वगैरे. एकोणीस वर्षांपूर्वी आमच्याच जेवणाच्या टेबलावर लिहिलेला, मी चहावर चहा पुरवत होते… आणि केलं काय असेल? खिशातून पेन काढलं, एक वेलांटी सुधारली, सही केली आणि म्हणाले, “उशीर केलास. मी असतो तर आठवड्यापूर्वी आलो असतो.”

अगं मीही हसले होते तेव्हा. पण आत येऊन ह्यांनी बागेचा नळ बंद केला, त्याची मूठ काढून कपाटात ठेवली. अकरा दिवसांत सगळं पिवळं. आणि हे परत खुर्चीत.

नाही ताई, या वेळेला वेगळं होतं… हाक मारली की जेवायला यायचे, बसायचे, ताटाकडे बघत राहायचे. एक दिवस म्हणाले, “मला आता काहीच नीट जमत नाही, नाही का?”… हो. असंच. मीठ दे म्हणावं, तशा आवाजात.

रडत नाहीये. सर्दी आहे.

मग मी काय केलं सांगू? भावजींना सांगू नकोस. मी चोरी केली… नाही, कपडे धुतल्यावरचं नाही, चांगलं पाणी, प्यायचं! पहाटे हे उठायच्या आत बादली भरून हिरवळीवर. चार दिवस. एक कोपरा जरा हिरवा झालाही. पाचव्या दिवशी वळून बघते तर हे दारात. म्हणाले, “ठेव ती बादली.” बस्स, एवढंच… ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी आपली मनात म्हणते, बाई, तू गवताला नाही, ह्यांच्या उरल्यासुरल्या अब्रूवर पाणी ओतलंस.

लेकीला केला ना फोन. ती म्हणाली, आई, प्लास्टिकचं गवत मिळतं, ते घ्या. उन्हात तापलं की वास मारतं म्हणे, पण वाळत नाही… हो, ठेवूनच दिला मी फोन.

शेवटी परवा मीच रोपवाटिकेतल्या बाईंना बोलावून आणलं… टाय नाही! डोक्याला टॉवेल. आल्या आल्या अंगणात फतकल मारून बसल्या आणि मातीत बोट खुपसलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं आणि अडकलं. खणलं, तर काय! चार बोटं माती, खाली प्लास्टिकचा कागद आणि त्याखाली नुसता राडारोडा. विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, एक अख्खं बेसिन! टायवाल्याने कचरा पसरून वर गालिचा अंथरला होता गं… नाही उचलत फोन. तो काय उचलतोय!

बाई म्हणाल्या, यात गवताची चूक नाही आणि साहेबांचीही नाही. आणि हे अशा आवाजात, की खुर्चीपर्यंत ऐकू जावं. मी सांगितलं नव्हतं हां त्यांना काही. मग म्हणाल्या, इथे ऊन सोसणारी झाडं लावा. बोगनवेल, कण्हेर, चाफा, कोरफड. एकदा धरली की रोज घोटभर पाणी नको, आठवड्यातून एकदा, पण पोटभर, आणि पहाटे. ज्यांना जास्त तहान त्यांना एका जागी ठेवा. वाळकी पानं झाडून टाकू नका, बुंध्याशी पसरा, ओल टिकते… हो ना! ज्या पानांपायी झाड पाडलं, तीच पानं! मी तर खाली बघत उभी होते.

आणि मग ताई, त्यांनी सहज विचारलं, “साहेब, मोरीचं पाणी अंगणात खेळवायचं तर उतार कुठल्या बाजूला आहे?”

…उठले. अगं, उठले खुर्चीतून! म्हणाले, “ईशान्येला. पण सरळ नाही, मध्ये फुगवटा आहे.” मग दोघं जी उकिडवी बसली, ती जेवणाची वेळ टळली तरी हलेनात. मी तीनदा अन्न गरम केलं. एकदाही चिडले नाही.

काल दिवसभर तो गालिचा उपसला. आज सकाळपासून… थांब हं. काय हो?… माळ्यावर बघा, जुन्या पेटीत… ती पाणी भरून लेव्हल बघायची नळी ना? मीच गुंडाळून ठेवलीय… पेटी उघडत नाही? मारा एक गुद्दा!… हं, बोल ताई… ऐकतेय गं. मंडळाच्या बायकांना काय सांगायचं? सांग, हरीण आजारी आहे.

आता चुन्याच्या फक्कीने रेघा मारतायत अंगणात. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, गवंडी दिसतायत अगदी… काय?… थांब ताई, मला हाक मारतायत… काय म्हणालात?… परत बोला…

ताई, ऐकलंस?

सावलीचं झाड कुठे लावू, असं विचारतायत. म्हणतायत, तुला संध्याकाळी कुठे बसायला आवडेल ते सांग, त्याच्या पश्चिमेला लावतो, मावळतीचं ऊन अडेल…

मला? मला काय हो, कुठेही… नाही. थांबा. कुठेही चालणार नाही.

ताई, लग्नाला सदतीस वर्षं झाली. घर बांधलं तेव्हा खोल्या ह्यांनी ठरवल्या, गच्ची सासऱ्यांनी आणि स्वयंपाकघराची खिडकी गवंड्याने. मला हे कुणी विचारलंच नव्हतं गं, मग उत्तर तयार कुठून असणार?… नाही, तू सुचवू नकोस!… फाटकाजवळ तुला आवडेल, ताई. मला माहीत नाही मला कुठे आवडेल. उभं राहूनच बघावं लागेल, एकेका कोपऱ्यात… हो, आत्ता, उन्हातच…

अहो, आले! तिथे खड्डा नका करू इतक्यात, मी येतेय!… ठेवते गं… नाही ताई, ठेवतेच.