वसूचा खोडलेला आकडा

देवासच्या झेरॉक्सच्या दुकानात लाइट गेली होती. मालन रेशनकार्ड घेऊन थांबली होती. तिच्या पुढे एक वयस्कर जोडपं जुनी वही उघडून उभं होतं आणि मालनचे कान आपोआप तिकडे लागले.

"अहो, त्या पानाला व्हाइटनर लावू नका."

"अगं वसू, नातीला धारच्या शाळेत दाखवायचंय. रुची अशी खाडाखोड दाखवेल का?"

"काट तुमचीच आहे. त्र्याण्णवच्या एप्रिलात तुम्ही सेकंड शिफ्टला, आणि गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावून मी. फुटलेला तारा आज किती उजळ, ते शेजारच्या ताऱ्यांशी ताडून रोज लिहायचे."

"थर्मास घेऊन बसायचीस. डास किती चावायचे तुला!"

"विषय बदलू नका. तारा आठवडाभर मंदावला, मग परत उजळला. मी तसं लिहिलं, तुम्ही खोडलंत."

"उपग्रहावरून बातमी होती, ताऱ्याचा डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश घटतोय. मला वाटलं, सगळाच घटणार."

"मला म्हणालात, तुझे डोळे थकलेत."

"नंतर मासिकात आलं, तो खरंच दुसऱ्यांदा उजळला होता."

"ते मासिक तुम्ही गादीखाली ठेवलंत. गाद्या मीच घालते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. काट राहू दे. शेजारी लिहा, वसूचं बरोबर होतं."

"आता? अकरा वर्षांनी?"

"त्या ताऱ्याचा उजेड कोटीभर वर्षांनी पोचला. तुम्ही लवकरच आलात."

पंखा फिरू लागला.

"चलो दादा, कौनसा पन्ना?"

"ठहरो भिया. पहले पेन दो."