राहिलेला गाल

नाही, मान अजून थोडी वर — हां, अशीच ठेवा. आणि बोलू नका आता, पाळकसाहेब, ओठाजवळ वस्तरा आहे. बोलायला रविवार आहे की तुम्हाला. पण मला एक सांगा — म्हणजे नका सांगू, मीच सांगतो — तुम्ही आज सकाळीच दाढी केलीय. घरी, घाईत. इथं हनुवटीखाली कापून घेतलंय. काढायला काही उगवलेलंच नाही, नुसता फेस काढतोय मी. मग दुकान उघडायच्या आधी दारात येऊन उभं राहायचं कारण काय? त्या इस्पितळाच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यानं पाठवलंय तुम्हाला. मान हलवू नका, समजलं मला.

म्हाताराच म्हणतो मी, बाप म्हणायची सवय गेली. पाचवीत होतो तेव्हा घर सोडून गेला तो. भांडण नाही, तंटा नाही — आईकडून शर्ट इस्त्री करून घेतला आणि गेला. तिच्याचकडून हो! कॉलरला दोनदा फिरव म्हणाला. पुढे कळलं, दुसऱ्या गावात दुसरं बिऱ्हाड मांडलंय. मग माझी शाळा सुटली, हा वस्तरा आला. आई जायच्या आधी म्हणाली, त्याच्यावर राग धरू नकोस. मग कोणावर धरू? शेजाऱ्यांवर?

आणि आता आजारी पडून परत आला, तर तुम्ही खाटेशी बसलात, प्रार्थना केलीत, तो रडला आणि तुम्ही सांगितलंत — मनापासून पश्चात्ताप केलास, देवानं क्षमा केली, आता घाबरू नकोस. एका दुपारीत! मी इतकी वर्षं धरून बसलोय ते देवानं एका दुपारीत सोडून दिलं. मला कुणी विचारलं? शर्ट माझ्या आईनं इस्त्री केला होता, देवानं नाही.

हे मला कसं ठाऊक? त्यानंच सांगितलं. पेशंटच्या दाढ्या करायला मीच जातो तिथं, तुम्ही बघितलंय. परवा खाटेवरचं नाव वाचलं — आणि तरी फेस लावला. का लावला? काम होतं म्हणून. नाही, तुमच्यापुढे खोटं कशाला बोलू — बघायचं होतं. जवळून बघायचं होतं. त्यानं मला ओळखलं नाही. म्हणतो, कारागीर, हात हलका आहे रे तुझा. मग म्हणतो, मला एक मुलगा आहे, तुझ्याच वयाचा असेल, देवानं क्षमा केली असं पाळक म्हणतात आणि माझा विश्वास आहे, पण त्या पोराला तोंड दाखवायची हिंमत होत नाही. आणि तोंड तर माझ्या हातात होतं त्याचं! डावा गाल झाला होता, उजव्यावर फेस तसाच. मी वस्तरा पुसला, पेटी उचलली आणि चालू पडलो. मागून सिस्टर ओरडतेय, अहो, अर्धीच काय ठेवलीत?

थांबा, फेस पुसतो. हां, बोला आता.

— हं. — अजून तसाच? — सिस्टर करून देते म्हणाली, तरी नको? — लोक हसतात, तर हसू दे म्हणतो? — ज्यानं ठेवली त्यालाच येऊ दे, असं म्हणाला?

मग ओळखलंय त्यानं.

तुम्ही पण हसताय. हसा. काल मलाही आलं हसू — शटर ओढून एकटाच बसलो होतो इथं, अर्धी दाढी आठवली आणि हसत सुटलो. सगळ्या आरशांत मीच हसतोय, आणि सांगायला एक माणूस नाही. खरं सांगू? त्याच्यासमोर जायची भीती नाही मला. राग गेल्यावर काय, याची आहे. आई गेल्यापासून संध्याकाळी घरी जातो तेव्हा तो रागच असतो घरात. त्याच्याशीच बोलतो, त्याच्याशीच भांडतो, कूस बदलली तरी तो असतोच. तोही गेला, तर कुलूप उघडायचं कशासाठी? देवाला बरं आहे हो क्षमा करायला, त्याच्याकडे माणसं पुष्कळ.

काय म्हणालात? — देवही एकटाच वाट बघत बसतो? एकेका माणसाची? — हे शास्त्रात आहे, की तुमचं आपलं? — अर्धं तुमचं. बरं. खरं बोललात ते बरं केलंत.

चला, उठा. टॉवेल राहू द्या तिथंच. ती पेटी द्या इकडे — नाही, तुम्ही नका येऊ. तुम्ही बरोबर असलात तर मी देवाच्या वतीनं आल्यासारखं दिसेल. देवाचं त्या दुपारीच झालंय ना? मग हे माझं आहे. क्षमा करीन, की नुसती दाढी करून येईन, मला ठाऊक नाही अजून. त्याला हाक काय मारायची, तेही ठाऊक नाही. — नको, सुचवू नका. बाजूला व्हा, शटर ओढायचंय. जा तुम्ही. — जा म्हणतो ना.