धंद्यावरचं औषध

नाय, मी दमणारा माणूस नाय! आख्ख्या कोपरीत विचारा, दामाजी कधी दमला का? खाडीत जाळं ओढून ओढून... बरं, जाळं माझा भाऊ ओढायचा, मी होडीत बसून त्याला हसवायचो. पण आज डोंबिवलीत, तुम्हाला सांगतो, नुसता बसून दमलो!

झालं काय, आमची नात प्राप्ती. बारावी झाली आणि बोलते, लहान पोरांची थेरपी शिकणार. ऑक्यु... ऑक्युपे... अगं, मराठीत सांग! तर बोलली, "व्यवसायोपचार." आता व्यवसाय म्हणजे धंदा, उपचार म्हणजे औषध! मी मच्छीबाजारात जाऊन सांगितलं, मंदावलेल्या धंद्यावर आमची पोरगी औषध आणतेय! गोदूबाईने लगेच शिळा बांगडा नाचवला, "ह्याला कुठली गोळी देऊ, दामाजी?"

आणि तिचा बाप, आमचा सुदेश, त्याचं डोकं दातात अडकलेलं! "डेंटललाच जायचं!" उद्या सीट पक्की करायचा शेवटचा दिवस, घरात रडारड. शेवटी मला डोळा मारून बोलतो कसा, "आबा तिथं बघून येतील. ते हो बोलले तर माझी हरकत नाय." म्हणजे काय, तर मी टिंगल करणार, पोरगी गप्प बसणार, दात जिंकणार!

तर प्राप्तीबरोबर गेलो त्या डोंबिवलीच्या थेरपी सेंटरात. झोपाळे काय, गाद्या काय, चेंडू काय... मी म्हटलं, जत्राच की! बसलो. समोर उर्वी म्हणून एक चिमुरडी, फ्रॉकचं बटण लावतेय. बिचारीची बोटं ऐकत नायत. बटण येतंय, सटकतंय... येतंय, सटकतंय... मी झालो पुढे, तर तिथल्या आसावरी मॅडम, "आजोबा, हात मागे!" परत सटकलं. माझे हात परत पुढे. "आजोबा!" अहो, आपल्याकडे पोर नुसतं अडखळलं तरी चार बाया धावतात की नाय? इथं धावायचंच नाय! पगार कशाचा, तर न धावण्याचा! दाराशी तिची आई ओढणी चावतेय, घाम मला फुटलाय... बसून दमलो हो!

आणि लागलं! वरचं बटण खालच्या काजात. फ्रॉक तिरका. मी ओरडलो, "चुकलं!" प्राप्तीने असं बघितलं माझ्याकडे, की मी भिंतीला चिकटलो. आणि ती उर्वी... तो तिरका फ्रॉक एकेकाला दाखवत फिरतेय, नवरी शालू दाखवते तशी! आईचं तर रडू थांबेना.

बाहेर आलो. म्हटलं, "बये, बाप माझं ऐकणार, म्हणून खरं सांग. दाताला चिमटा लावला की खेळ खल्लास. इथं एका बटणात सकाळ गेली, आणि उद्या परत पहिल्यापासून! मी एका दिवसात बसून दमलो, तू जन्मभर बसणार? एवढा धीर आणणार कुठून?"

तर हसली. बोलली, "आबा, तुमचा तो बोंबलाचा किस्सा मी कळायला लागल्यापासून ऐकतेय. काल रात्रीसुद्धा पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसले ना? मग बटणाचं काय घेऊन बसलात!"