पट्टा बदलला आणि पट्टी गेली

...नाही, तुम्हीच सांगा, एक रबरी पट्टा बदलायला असा किती वेळ लागावा? जुना काढायचा, नवा चढवायचा, चहा गार व्हायच्या आत उठायचं, असा आपला माझा हिशेब. आणि इथे आमच्या जेवणाच्या टेबलावर कित्येक दिवसांत कुणी जेवलेलं नाही, आम्ही ताटं मांडीवर घेऊन पलंगावर बसतो, आणि मीठ कुठंय विचारलं तर बायको शांतपणे सांगते, "मोटरच्या मागे बघ." तुम्हाला सांगतो, मला फक्त पट्टा बदलायचा होता.

झालं काय, सासूबाई गेल्या आणि सासरे आमच्याकडे राहायला आले. कपड्यांच्या दोन बॅगा आणि चादरीत गुंडाळलेला जुना रेकॉर्ड प्लेअर, एवढंच सामान. आले आणि गप्प झाले. म्हणजे विचारलं तर बोलायचे. जेवलात का? "हो." झोप लागली का? "लागली." संपलं. बायको म्हणाली, "बाबांचा तो प्लेअर तेवढा चालू करून दे ना. आई रोज कपड्यांच्या घड्या घालताना त्यावर एक गाणं लावायची आणि बरोबरीने गायची." आता यावर नवऱ्याने काय म्हणायचं असतं? करतो म्हणायचं असतं.

उघडला, तर आत पट्ट्याचं डांबर झालेलं. गेलो दुकानात. दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "पट्टा देतो हो, पण सुई कधीची आहे? जुनी? मग रेकॉर्ड वाजवताय की खरवडताय?" घेतली सुई. नव्या सुईला जुनं डोकं चालेना, नवं डोकं घेतलं. डोकं जड, म्हणून आख्खी दांडी तोलून घेतली. दांडी काढताना आतली वायर तुटली. म्हणजे बघा, मला फक्त पट्टा बदलायचा होता, आणि मी भिंग डोळ्याला लावून केसाएवढ्या वायरला डाग देत बसलोय, आणि सासरे समोर बसून माझ्याकडे बघतायत... डॉक्टरकडे बघावं तसे.

त्यात मोबाइलवर जुने प्लेअर दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांचा एक गट सापडला. तिथे एक निवृत्त गृहस्थ आहेत, फार मृदू बोलतात, आणि बोलले की आपला खर्च होतो. "मोटर थरथरते का हो? जरा हात ठेवून बघा." ठेवला. थरथर होती. मोटरची की माझ्या हाताची, ते अजून ठरलेलं नाही, पण मोटर बदलली. तिच्या टोकाची पितळी पुली, जिच्यावर तो पट्टा चढतो, तीही वेडीवाकडी झिजलेली. मी सासऱ्यांसमोरच म्हटलं, "कुठल्या अडाण्याने कानस मारलीय हिच्यावर," आणि दिली भंगारात. सासऱ्यांनी पेपरचं पान उलटलं.

मग एका रविवारी सकाळी सगळे बसलो. सासऱ्यांनी कपाटातून ती रेकॉर्ड काढली, धोतरासारखी जपून... नाही, बाळासारखी जपून, आणि लावली. काय आवाज होता सांगू? गाणारी बाई श्वास घेते, तो ऐकू येत होता. मी सासऱ्यांकडे बघतोय. ते संपेपर्यंत बसले, "छान केलंत, जावईबापू," म्हणाले आणि खोलीत निघून गेले. त्यानंतर प्लेअरला हातसुद्धा लावला नाही.

"तू काहीतरी बिघडवलंस," बायको म्हणाली.

"सुधारलंय मी ते."

"तेच."

शेवटी मीच गेलो त्यांच्या खोलीत. म्हटलं, काय चुकलं? म्हणाले, "गाणं धावतंय." मी वेग मोजायची चकती दाखवली, सगळं काट्यावर बरोबर. त्यांनी ती बघितली, परत दिली. "तुमचं बरोबरच आहे हो. मूळ गाणं असंच आहे. आमच्या घरी ते तसं नव्हतं."

आणि मग तो माणूस बोलायला लागला. "हिचा आवाज खालचा. अंतऱ्यात गाणं वर चढलं की हिचा आवाज फाटायचा, मग ही गप्प घड्या घालत बसायची. एकदा माहेरी गेली होती, तेव्हा मी ती पुली कानशीने घासली. पुली बारीक झाली, तबकडी सावकाश फिरायला लागली, गाण्याची पट्टी उतरली. ही आली, गाणं लावलं, आणि पोचली की वरपर्यंत. मला म्हणाली, बघा, रोज गायलं की जमतं."

"मग तुम्ही कधी सांगितलं नाहीत त्यांना?"

"कशाला सांगायचं?"

अडाणी समोर बसले होते, आणि पुली भंगारात गेली होती. मला फक्त पट्टा बदलायचा होता हो...

नशीब, नव्या मोटरला खालच्या बाजूने वेगाचा एक स्क्रू होता, म्हणून प्लेअर टेबलाच्या कडेबाहेर ओढला. मी टेबलाखाली आडवा, हातात स्क्रूड्रायव्हर, वर सासरे डोळे मिटून. "अजून खाली." फिरवला. "थोडं आणखी." फिरवला. मानेत उसण भरली. "थांबा." थांबलो. अंतरा आला आणि सासरे त्याच्याबरोबर गायला लागले, आवाज कसला, नुसती घरघर, पण सूर धरलेला. "इथे पोचायची ती," म्हणाले. दारात बायको सुकलेले कपडे घेऊन उभी होती, ती तशीच खाली बसली आणि घड्या घालायला लागली. मी टेबलाखालून बाहेर आलोच नाही जरा वेळ. उसण होती ना.

आता रोज लावतात. बोलतातही. चहात साखर कमी आहे इथपर्यंत बोलतात. हौशी गटात मी हे सगळं लिहिलं, तर त्या मृदू गृहस्थांनी मला गटातून काढून टाकलं, अगदी मृदूपणे.

आणि माझं काय झालंय सांगू? रोज ऐकून ऐकून मला तेच गाणं खरं वाटायला लागलंय. काल केस कापायला गेलो, तिथे नेमकं तेच लागलेलं, मूळ वेगात. मला बसवेना. म्हटलं, "अहो, किती घाई, जरा सावकाश." तर न्हावी कात्री थांबवून म्हणाला, "साहेब, याहून सावकाश कापलं तर मागचे होईपर्यंत पुढचे वाढतील."

मी आपली मान खाली घातली.