पलंगाखालची सीतेची वेणी

डिचोलीच्या स्टँडवर कारापूरच्या बसची वाट बघत दोघी माझ्या बाजूला बसल्या होत्या. तरुण बाईच्या मांडीवर फणसाच्या झाडाच्या सालीला बांधलेलं ऑर्किड होतं. म्हातारीने विषय काढला.

"सीतेची वेणी ना गो ही? कुठे नेतेस?"

"माहेरी, मावशी. आईच्या आंब्यावर बांधणार. माझ्याकडे फुलेना."

"ठेवली होतीस कुठे?"

"पलंगाखाली."

"अगो बाय, हिला सावली लागते, काळोख नव्हे. पानांतून गाळून आलेलं ऊन तरी हवंच."

"ठाऊक आहे. जनेलाच्या गजाला टांगलेली होती तेव्हा भरभरून फुललेली."

"मग पलंगाखाली कशाला घातलीस?"

"नवरा बोटीवर असतो. लग्नाच्या वर्षी त्यानेच हिची फुलं काढून माझ्या केसांत माळली, आणि गेला. पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर कळे आले, तेव्हा त्याचा फोन आला, गणपतीला येतो म्हणून. म्हटलं, काळोखात ठेवली तर ही तोवर थांबेल."

"थांबली?"

"कळे गळून पडले."

"आणि तो?"

"त्याला बोटीवरून सोडलंच नाही. यंदा गणपतीला नक्की येतो म्हणतो."

"येईल गो. मग हिला माहेरी कशाला धाडतेस? जनेलापाशी ठेव परत, तुझ्या डोळ्यांसमोर फुलेल."

"नको, मावशी. माझ्याकडे राहिली तर मी तिला परत थांबायला लावीन."