दुधाच्या रांगेतली वही

घाटकोपरच्या दूध केंद्रावर माझ्यापुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या. एकीच्या खांद्याला बाटल्यांची पिशवी आणि हातात उघडी वही.

"कुंदा, अगं रांग सरकली. पुढे हो ना."

"तूच हो गं, जयंती. एवढं पान संपू दे."

"तिसऱ्यांदा नंबर सोडलास! घरी बसून लिही की आरामात."

"घरी? वही उघडली की मामंजींना चहा हवा असतो. इथे मला कोणी हाक मारत नाही. दिवाळी अंकाची निम्मी गोष्ट इथेच उभ्याने लिहिली."

"घरी सांगितलंयस का हे?"

"गोष्ट लिहितेय एवढंच सांगितलं, तर वाट लागली. परवा हे म्हणाले, तुला लिहायला वेळ मिळावा म्हणून सोमवारपासून दूध घरपोच लावलंय."

"अगं बाई!"

"इतक्या प्रेमाने केलंय, नको तरी कसं म्हणू?"

"मग उरलेली गोष्ट?"

"सासूबाईंना म्हटलं, तुमचे गुडघे दुखतात, यापुढे रेशन मी आणीन. त्या अगदी गहिवरल्या. तिथली रांग दीड तासाची असते."