सील तुटलेला कंटेनर

मले सुरक्षेचं काही इचारू नका राजेहो, थकलो मी. शेंदूरजनाघाटची संत्री थंड कंटेनरात भरून बंदरावर जाते, त्या कंटेनरले सील मारणं माह्यं काम. लुटणारे नाना बहाणे करतात, म्हणून वाटेत सील तोडायचं नाही, हे ड्रायव्हरायले बजावलेलं.

त्या दिवशी अकोल्याजवळून रमेश ड्रायव्हरचा फोन आला. "भाऊ, आतून कोणी दार ठोकून राहिलं."

"थांब, पोलिसायले बोलावतो."

"आवाज कमी होऊन राहिला, भाऊ."

मंग मी म्हणलं, "तोड."

आत आमचा हमाल गजानन होता, थंडीनं काकडलेला. पेट्या लावता लावता त्याचा तिथंच डोळा लागला अन बाहेरून दार बंद झालं. दवाखान्यात नेला, वाचला.

बंदरावरच्या साहेबाले सारं सांगितलं. तो म्हणला, "सील तुटलंय, माल घेता येणार नाही."

गाडी परत आली. माल उतरवायले गजाननच हजर. मी म्हणलं, "अबे, घरी जाऊन नीज."

"निजाचंच भेव वाटते, भाऊ. तुमी फक्त दार धरून उभे राहा."

गाडी खाली होईपर्यंत उभा राहिलो.